साच्यांना लागलेला शेंदूर

आमच्या घरी भातात ताग निघायचा. खडे सगळ्यांच्याच भातात निघतात, आमच्याकडे ताग. आई दिवसभर गोदीतून आलेली तागाची फाटकी पोती शिवायची आणि त्यांचा सोनेरी भुसा खोलीभर उडायचा. तो अंथरुणावर असायचा, देवांवर असायचा, माझ्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात असायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी वही उघडली की शेजारची मुलगी शिंकायची. मी म्हणायचे, शिंक बाई, शकुन समज.

आम्ही रत्नागिरीकडचे. बाबा तरुणपणी बॉयलरचं काम शिकून कलकत्त्याला आले आणि खिदिरपूरला जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात फिटर म्हणून लागले. शहरात मराठी माणसं होती, नाही असं नाही. पण ती सरकारी हापिसांतली, बँकांतली, बदल्या होऊन आलेली. गणपतीला आम्ही त्यांच्यात जायचो. कुणीतरी बाबांना विचारायचं, "आपण कुठल्या ऑफिसात?" बाबा म्हणायचे, "गोदीत." पुढचा प्रश्न यायचा नाही. मग बाबा दोन मोदक जास्त खायचे.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना तारेचा दोर सुटून बाबांच्या उजव्या हाताची एक सोडून सगळी बोटं गेली. हात भरून आला, पण त्या हातात पाना धरणं काही जमेना. वर्कशॉपने त्यांना घरी बसवलं. आईची पोती, जी तोवर वरखर्चाला होती, ती घराचा खांब झाली. शहरातले दिवसही वाईट होते. कॉलेज आज उघडं, उद्या बंद. परीक्षा पुढे पुढे जायची आणि बाबा गावी परतायची गोष्ट जवळ जवळ आणायचे.

मी पास झाले. आमच्या साऱ्या भावकीत पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखंच आहे. बाबांनी ते प्रमाणपत्र भुसा बसू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि देवांच्या वर टांगलं. पण नोकरी काही मिळेना. कारखाने बंद पडत होते, आणि चालू होते तिथे "मुलगी? आणि रसायनशास्त्र?" असं म्हणून मला चहा पाजून परत पाठवायचे.

एक दिवस बाबांनी माळ्यावरची ट्रंक काढली, तिला दोर बांधून पाहिला.

"दुर्गापूजा झाली की निघू," ते म्हणाले. "गावाला एक खोली आहे. तिथे निदान भात तरी आपला असेल."

"आणि माझी डिग्री, बाबा?"

"ती पण घेऊन जाऊ गो बाय. तिला काय वेगळं तिकीट लागतं?"

ते थट्टेने म्हणाले, पण आईची सुई थांबली होती. मला कळलं, की आता पूजेपर्यंत जे काय करायचं ते मलाच करायचं आहे.

वाट बाबांनीच काढली. गोदीच्या रस्त्यावर जहाजांची छोटी मॉडेलं बनवणारा एक कारखाना होता. जहाज कंपन्यांच्या दिवाणखान्यांत काचेच्या पेटीत असतात ना, तसली मॉडेलं. तिथल्या मालकाला कुणी केमिस्ट्री शिकलेलं हवं आहे असं बाबांनी चहाच्या टपरीवर ऐकलं, आणि ते मला तसंच घेऊन गेले. मी घरच्या साडीत होते.

मालक बंगाली, पन्नाशीचे, सतत पान खाणारे. त्यांनी मोठं काम घेतलं होतं: एका जहाज कंपनीसाठी अख्खं बंदर, धक्क्याला लागलेल्या बोटींसकट. धक्का झाला होता, बोटींचे सांगाडे झाले होते. अडलं होतं ते चिल्लर सामानावर. प्रत्येक बोटीवर लाइफबोटी, दोर गुंडाळायच्या विंचा, हवा आत घेणारे भोंगे, दोर बांधायचे खुंट. सगळं बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि सगळं एकसारखं. हे सगळं थोरले मिस्त्री लाकडातून हाताने कोरायचे. एक लाइफबोट कोरली की त्यांचा अर्धा दिवस जायचा, आणि होड्यांचं तर अख्खं आरमार हवं होतं.

मालकांचे मेव्हणे जहाजावर इंजिनिअर. त्यांनी परदेशातून सिलिकॉन रबराचे डबे आणून दिले होते. मूळ वस्तूवर हे रबर ओतायचं, घट्ट झालं की सोलून काढायचं, की झाला साचा. मग त्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पातळ प्लॅस्टिक, ओतून हव्या तेवढ्या नकला काढायच्या. ऐकायला सोपं. मालकांनी एक डबा स्वतः अंदाजाने मिसळून बघितला होता. तो महिना उलटला तरी चिकटच होता आणि त्यात एक झुरळ कायमचं राहायला गेलं होतं.

"तुम्हाला येईल?" त्यांनी विचारलं.

मी आयुष्यात सिलिकॉन रबर बघितलं नव्हतं. म्हटलं, "वजन करून, मोजून करायचं काम आहे. ते मला येतं."

बाबांनी शेजारून जोड दिली, "बीएस्सी आहे ती. रसायनं." बाबांच्या बंगालीत रसायन हा शब्द फारच भारी वाटायचा.

मालक म्हणाले, "पूजेच्या आधी मॉडेल गेलं पाहिजे. सामान वेळेत झालं तर तुम्ही इथे कायम. नाही झालं, तर..." आणि ते पान थुंकायला उठले. म्हणजे माझी मुदत आणि बाबांच्या ट्रंकेची मुदत एकच ठरली.

थोरल्या मिस्त्रींना सगळे मिस्त्रीदा म्हणायचे. दाढी पांढरी, हात काळे, आणि छिन्नी धरली की बोटं हलताहेत हे दिसायचंसुद्धा नाही. ते मला 'दिदिमोनी' म्हणायचे. बंगालीत मास्तरीणबाईंना म्हणतात तसं, पण त्यांच्या तोंडी ते अदबीचं नव्हतं.

"दिदिमोनी, आज काय रांधलं?" सकाळी आल्या आल्या विचारायचे, कारण माझ्या टेबलावर वाट्या, चमचे आणि औषधवाल्याचा तराजू असायचा. "बासुंदी?"

"बासुंदीच. पण तुम्ही खाऊ नका, पोटात साचा तयार होईल."

त्यांनी स्वतः कोरलेली एक लाइफबोट मला मूळ नमुना म्हणून दिली, तीही नाखुशीनेच. काचेवर ती चिकटवून भोवती मुलांच्या रंगीत मातीची भिंत घातली, रबर आणि त्याचं औषध मोजून मिसळलं आणि एका कोपऱ्यातून, उंचावरून, दोऱ्यासारखी धार धरली. धार बारीक असली की बुडबुडे वाटेतच फुटतात. दुसऱ्या दिवशी सोललं तर आत होडीची खोलगट सावली, तिच्या फळ्यांच्या रेषांसकट. मिस्त्रीदा लांबून बघत होते. म्हणाले, "खड्डा झाला. होडी कुठे आहे?"

होडीने खूप रडवलं. आमचं रेझिन पॉलिएस्टर, फायबरच्या पत्र्याला वापरतात ते. त्यात दोन औषधं पडतात. एक जांभळं, ते आधी; आणि हार्डनर, ते ओतायच्या तोंडावर. ती दोन्ही एकमेकांना थेट भेटली की भडका. लग्नात दोन घरची माणसं असतात, ज्यांना एका पंगतीत बसवायचं नसतं, तसं. हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना दरडावून सांगितलं आणि दोन्ही बाटल्या खोलीच्या दोन टोकांना ठेवल्या. तरी कलकत्त्याचा उन्हाळा तो. रेझिन वाटीतच तापायचं, धुरायचं आणि वाटीच्याच आकाराचा दगड होऊन बसायचं. मी हार्डनर कमी करत गेले, वाटीला ओला गमछा गुंडाळला, सकाळच्या गारव्यात ओतू लागले. मग रेझिन वठणीवर आलं. आता बुडबुडे. होडीच्या टोकाला भोकं, कडेला भोकं, कसर लागल्यासारखी होडी.

"तुझी होडी बुडण्याआधीच बुडली, दिदिमोनी," मिस्त्रीदा म्हणाले, आणि सगळं वर्कशॉप हसलं. मीही हसले. हसले नसते तर रडले असते, आणि रडायला तिथे जागा नव्हती, सगळीकडे जहाजं होती.

मी घरी बसून विचार केला. पातळ द्रव कोपऱ्यात का शिरत नाही? रबराला तो नको असतो म्हणून. पावसाचा थेंब अळवाच्या पानावर जसा गोळा होतो तसं रेझिन साच्यात गोळा होत होतं. म्हणजे पृष्ठभाग बदलला पाहिजे, त्याचा गुळगुळीतपणा मोडला पाहिजे. दुसऱ्या दिवशी आईचा पावडरचा डबा घेऊन गेले. साच्यात टाल्कम पावडर भुरभुरवली, साचा उलटा करून टिचक्यांनी झाडला. उरला तो नुसता धुरासारखा थर. मग थोडंसं रेझिन, काडीने कोपऱ्यांत दाबून, साचा टेबलावर ठोकून, आणि मग बाकीचं.

ती होडी निघाली तेव्हा मी ओरडले. खरंच ओरडले. टोक शाबूत, कडा शाबूत, फळ्या शाबूत. मिस्त्रीदांनी ती हातात घेतली, नखाने उलटीसुलटी केली आणि तळाशी थांबले. तिथे एक बारीक ओरखडा होता.

"हे काय?"

"तुमची छिन्नी घसरलेली आहे तिथे. मूळ होडीवर बघा."

त्यांनी मूळ होडी आणून ताडून पाहिली. मग आपल्या बाकावर गेले. त्या दिवसापासून रोज एक नमुना न मागता माझ्या टेबलावर येऊ लागला. विंच, भोंगा, खुंट. त्यांनी तो जास्तच नीट घोटलेला असायचा, कारण आता त्याची प्रत्येक चूक पंचवीस वेळा दिसणार होती. पण नमुना एक म्हणून साच्यात खड्डाही एकच. एका वेळी एक वस्तू निघायची. काम सरकत होतं, पण पूजाही सरकत होती. पंडालांचे बांबू उभे राहायला लागले होते. घरी ट्रंक दोरासकट दाराशी येऊन बसली होती.

मग विश्वकर्मा पूजा आली. बंगालमध्ये कारखान्याची खरी दिवाळी ती. त्या दिवशी हत्यारांना कुणी हात लावत नाही. ती धुऊनपुसून देवापुढे मांडायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना आराम द्यायचा. घरच्यांना जेवायला बोलावतात. मी आई-बाबांना घेऊन गेले. आकाशभर पतंग, गच्च्यांवरून पतंग कापल्याचे "भोकाट्टा" असे ओरडे, आत धूप आणि खिचडीचा वास.

देवापुढे करवती होत्या, कानशी होत्या, मिस्त्रीदांच्या छिन्न्या लखलखत होत्या. आणि अगदी मध्ये, पितळी ताटात, माझे साचे. सगळे. मी ते कपाटात झाकून ठेवले होते. मी ते मांडले नव्हते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि रबराला कोण हत्यार म्हणतो?

"मी काढले," मिस्त्रीदा म्हणाले. "हत्यार ते हत्यार. माझ्या छिन्नीच्या शेजारी बसतील असे आहेत." सगळ्यांदेखत म्हणाले. बाबांनी ते ऐकलं. बाबांनी मान वर केली आणि इकडेतिकडे पाहिलं, आणखी कुणी ऐकलं का ते.

मग मी वाकून पाहिलं. प्रत्येक साच्याच्या खड्ड्यात, अगदी आत, तेलात कालवलेल्या शेंदराचा टपोरा ठिपका होता. बाहेर लावला असता तर काहीच नव्हतं. पण मिस्त्रीदांनी विचार केला असणार, की छिन्नीला टिळा धारेवर लावतात, तर साच्याची धार ती आतच. बरोबरच होता विचार. फक्त सिलिकॉन तेल पितं.

"काय झालं गो?" आईने विचारलं.

"काही नाही. धूर गेला डोळ्यांत."

तेव्हाच पुसून घेतलं असतं तर बरंचसं वाचलं असतं. हात लावायचा नसतो हे एक झालं. पण खरं सांगायचं तर हात लावता आला असता. मालकांनी समजून घेतलं असतं. मीच नाही लावला. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं हत्यार आपल्या छिन्नीशेजारी मांडलं होतं, आणि त्याच्यादेखत मी ते फडक्याने पुसणार नव्हते. मी जेवायला बसले. खिचडी दोनदा घेतली.

सकाळी साचे साबणाने धुतले, पुसले, ओतले. होड्या गुलाबी निघाल्या. वरून चिकट, तेलकट. मिस्त्रीदांनी एक उचलली.

"ए की!" म्हणजे, हे काय! "ही कुणाच्या लग्नाला निघाली?" आणि मग त्यांच्या बोटाला शेंदूर लागला आणि त्यांना समजलं. ते बाकावर बसले. म्हातारे दिसले एकदम.

"मी बुडवलं तुला," ते म्हणाले.

मालक धावत आले. डब्यात रबर तळाशी उरलं होतं, मेव्हणे समुद्रावर. त्या उरलेल्या रबरात सगळे साचे नव्याने होणं शक्य नव्हतं. मालक माझ्याकडे बघत नव्हते, आणि ते बघत नाहीत याचा अर्थ मला कळत होता.

मी एक साचा उलटा केला आणि दाबला. पाठ स्वच्छ होती. तेल आतून शिरलं होतं, पाठीपर्यंत पोचलं नव्हतं. आणि या रबराचा एक गुण आहे: ते जगात कशालाच चिकटत नाही, फक्त आपल्या जातीला चिकटतं. घट्ट झालेल्या रबरावर ताजं रबर ओतलं की दोन्ही एक. साच्याला नमुन्यालगत ताजं रबर लागतं ते जेमतेम बोटभर. बाकी सगळी नुसती जाडी असते.

"कापायचे," मी म्हणाले. "तेलकट भाग फेकायचा, पाठीचे तुकडे करायचे. नमुन्यावर ताजं रबर, आणि वर भरतीला हे तुकडे."

कुणी हललं नाही. कालच पूजलेली हत्यारं. आदल्या दिवशी ज्यांच्यापुढे हात जोडले ती आज सुरीने कापायची?

मालक पुटपुटले, "देवाचं आहे... पूजेच्या तोंडावर..."

मिस्त्रीदा उठले. आपल्या बाकावरून सुरी घेऊन आले. "छिन्नीला धार लावतो तेव्हा काय करतो? तिला घासतोच ना? थोडी ती जातेच," ते म्हणाले, आणि सर्वांत मोठा साचा त्यांनी स्वतः कापला. "बोल दिदिमोनी, केवढे तुकडे?"

"बोराएवढे."

मग मला दुसरी गोष्ट सुचली, आणि ती सुचल्याबरोबर मी टेबलावर हात आपटला. पहिल्यांदा साचे केले तेव्हा नमुना एकच होता. आता माझ्याकडे निर्दोष ओतीव होड्यांची ओळच होती! त्याच नमुने म्हणून मांडल्या तर? एका काचेवर शेजारी शेजारी होड्या, पलीकडे विंचा, पलीकडे भोंगे. आणि सगळ्यांवर मिळून एकच ओत. एका साच्यात ताटभर खड्डे. भिंती वाचल्या, रबर वाचलं, आणि एका ओतात एक वस्तू निघायची तिथे आता पंगत उठणार होती.

डबा मी चमच्याने खरवडला. शेवटचं रबर शेवटच्या साच्याला पुरलं, वर बोराएवढे तुकडे ठासले, आणि आम्ही सगळे दुसऱ्या दिवसाची वाट बघत राहिलो. सोलताना मिस्त्रीदांनी काच धरली होती. साचा निघाला. वरून ठिगळांच्या गोधडीसारखा, आतून आरसा. तुकडे आणि ताजं रबर यांच्यामध्ये नखसुद्धा शिरेना.

"आई पोती शिवते तसं झालं की हे," मी म्हणाले, आणि मग मिस्त्रीदांना पोत्यांची गोष्ट सांगावी लागली. त्यांनी शांतपणे ऐकली. नंतर हाक मारताना ते मला 'दिदिमोनी' म्हणाले तेव्हा त्या शब्दाचा सूर बदललेला होता. मास्तरीणबाईंना म्हणतात तसाच होता.

पुढचे दिवस मी नुसती ओतत होते. पावडर, झाडणं, काडी, ठोका, वाट बघणं, साचा मागे वाकवून टप्पकन काढणं. गोण्या उतरवाव्यात तशा होड्या उतरत होत्या. दोन माणसं नुसती कडा घासायला बसवावी लागली. मालकांचं पान खाणं वाढलं. खूश असले की ते जास्त खायचे. एक नवा साचा मिस्त्रीदांनी हातात घेतला, कपाळाला लावला, आणि मला दाखवत त्याच्या पाठीवर, बाहेरून, कोरडं कुंकवाचं बोट टेकवलं.

"इथे चालतं?"

"इथे चालतं."

पंडालांत देवीचे डोळे रंगवायला घेतले होते तेव्हा आमचं बंदर काचेच्या पेटीत गेलं. आई-बाबा बघायला आले. बाबा धक्क्याजवळ वाकले. प्रत्येक बोटीवर लाइफबोटी टांगलेल्या, विंचा जागच्या जागी, भोंगे वाऱ्याकडे तोंड करून. त्यांनी राहिलेल्या बोटाने काचेवरून एका विंचेकडे दाखवलं.

"असलीच होती. हिच्यावरचाच दोर सुटला."

मग ते म्हणाले, "ही नाही सुटायची. चांगली बसवलीय." आणि मालकांकडे वळून, त्यांच्या त्या बंगालीत, "हे सगळं हिने केलं?"

"सगळं," मालक म्हणाले. "त्यांना आता आम्ही सोडत नाही."

घरी आल्यावर बाबा ट्रंकेपाशी बसले. गाठ आवळून बसलेली, आणि डाव्या हाताने ती सुटेना. आईने सुरी पुढे केली. ते म्हणाले, "दोर कापू नको, चांगला आहे," आणि दातांनी गाठ सोडवली. ट्रंक माळ्यावर गेली. दोरावर आईने कपडे वाळत घातले.

आम्ही कोकणात परत गेलो नाही. मी त्या कारखान्यात कायम झाले, आणि आईने पोती शिवणं बंद केलं. पुढच्या विश्वकर्मा पूजेला आमच्या घरच्या भातात ताग नव्हता, आणि माझे साचे मी स्वतः छिन्न्यांच्या शेजारी मांडले.